दुसऱ्याचा कोट, आपले माप

पत्राचा सारांश : पत्रलेखिका चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत आणि पती व मुलीसह इंग्लंडमध्ये, मँचेस्टरच्या दक्षिणेला राहतात. दोघांच्याही नोकऱ्या चांगल्या आहेत. मागील वर्षापासून त्यांना आसपासच्या गावांतील चॅरिटी शॉप्समध्ये, म्हणजे धर्मादाय संस्था दानात आलेल्या जुन्या वस्तू विकतात त्या दुकानांमध्ये, नामांकित डिझायनरांचे कपडे शोधण्याचा छंद लागला आहे. विल्म्स्लो येथील अशा एका दुकानात त्यांना मॅक्स मारा या इटालियन कंपनीचा लोकरी कोट 45 पौंडांना मिळाला. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी त्या कोटाचे तोंडभर कौतुक केले, परंतु तो कोठून आला हे नातीच्या बोलण्यातून समजताच त्या दुखावल्या आणि "लोकांचे उतरलेले कपडे घालायची वेळ आली आहे का आपल्यावर?" असे म्हणाल्या. एका मैत्रिणीच्या मते सुस्थितीतील माणसांनी तेथे खरेदी करणे म्हणजे गरिबांच्या तोंडचा घास काढणे होय. कपाटात आता जागा उरलेली नाही, असे पती म्हणतात. हा छंद सोडून द्यावा, की चालू ठेवून त्याविषयी घरात बोलू नये, आणि नणंदेला भेट म्हणून अशा दुकानातील एखादी भारी वस्तू दिली तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रात तीन माणसांचे तीन आक्षेप आहेत आणि ते तुम्ही एकाच गाठोड्यात बांधून माझ्यापुढे ठेवले आहेत. ते सोडवून वेगवेगळे पाहिले, तर मैत्रिणीचा आक्षेप मला बराचसा गैरसमजातून आलेला वाटतो; सासूबाईंचा आक्षेप तुम्ही समजता त्याहून जुना आणि खोल आहे; आणि पतींचे म्हणणे तुम्ही एका ओळीत उरकले असले, तरी अधिक विचार त्याचाच करावा लागेल.

मैत्रिणीपासून सुरुवात करते. ब्रिटनमधील चॅरिटी शॉप हे गरिबांना स्वस्त कपडे मिळावेत म्हणून काढलेले दुकान आहे, असे तुम्ही दोघींनीही गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात संस्थेच्या कामासाठी पैसा उभा करणे हा त्याचा मुख्य हेतू असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्रीसमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा तेथील लोकांच्या मदतीसाठी 1942 मध्ये ऑक्सफर्ड येथे एक समिती स्थापन झाली. हीच समिती पुढे ऑक्सफॅम या नावाने ओळखली गेली आणि त्याच दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर तिचे दुकान सुरू झाले. आज देशभर अशी सुमारे दहा हजार दुकाने आहेत आणि कर्करोग संशोधनापासून गावातल्या हॉस्पिसपर्यंत, म्हणजे अखेरच्या आजारातील रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेपर्यंत, नाना कामांना त्यांच्यातून पैसा जातो. दानात आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅटचा दर शून्य असतो, जागेवरील व्यावसायिक करात संस्थांना 80 टक्के सूट मिळते आणि काउंटरवर उभी असलेली माणसे बहुतांशी स्वयंसेवक असतात. एवढी सवलत समाजाने दिली आहे ती दुकानाचा गल्ला भरावा म्हणूनच. कोट देणाऱ्या व्यक्तीने गिफ्ट एड या सरकारी योजनेच्या अर्जावर सही केली असेल, तर तिने भरलेल्या आयकरातून संस्थेला पौंडामागे आणखी 25 पेन्स मिळतात. म्हणजे तुमच्या 45 पौंडांमागे संस्थेच्या पदरात साधारण 11 पौंडांची भर पडली असण्याचा संभव आहे. त्यामुळे तेथे खरेदी करताना लाजण्याचे कारण नाही. मात्र घासाघीस करू नये. मंडईतली सवय तेथे नेणे योग्य नव्हे, कारण तुम्ही कमी केलेला प्रत्येक पौंड कोणाच्या खिशातून जातो हे आपल्याला ठाऊक असते.

मैत्रिणीच्या म्हणण्यात तथ्य अगदीच नाही, असे मात्र नाही. त्याच दुकानांमधून कित्येक कुटुंबे मुलांचे हिवाळी कोट, शाळेचे गणवेश, पावसाळी बूट घेतात, आणि महागाई वाढली की अशी गिऱ्हाइके वाढतात. मॅक्स माराचा कोट तुम्ही घेतला नसता तर तो एखाद्या गरजू आईच्या अंगावर गेला असता, असे समजण्यात अर्थ नाही. तिला 45 पौंडही जास्तच झाले असते. पण तीन पौंडांचा मुलाचा कोट "असू दे, कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून उचलणे टाळावे, आणि असे साधे, उबदार, धडधाकट कपडे ढिगाने उचलून इंटरनेटवर चढ्या किमतीला विकणाऱ्यांच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये. येथे कायद्याची एक बाजूही आहे. घरातील आपले वापरलेले कपडे विकणे वेगळे आणि विकण्यासाठीच विकत आणणे वेगळे. दुसरा प्रकार व्यापार ठरतो, आणि करवर्षात अशी एकूण विक्री 1,000 पौंडांच्या वर गेली की ती कर खात्याला कळवावी लागते.

आता सासूबाई. त्यांच्या प्रतिक्रियेचा उल्लेख तुम्ही "जुन्या विचारांच्या" असा केला आहे, तो मला पटला नाही. आपल्याकडे जुन्या कापडाचे वावडे कधीच नव्हते. तान्ह्या बाळाची दुपटी आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची करत, विटलेल्या साड्यांची गोधडी होई, आणि उरलेसुरले बोहारीण घेऊन जाई व त्याच्या बदल्यात स्टीलचे पातेले देई. आईची पैठणी नेसताना कोणाला कमीपणा वाटत नाही. म्हणजे आक्षेप वापरलेल्या कापडाला नाही. ते परक्याकडून आले याला आहे. त्यामागे कारण आहे. गावगाड्यात आणि शहरातल्या घरकामातही उतरलेला कपडा देणारा वर आणि घेणारा खाली, अशी उतरंड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ज्यांच्या वाट्याला तो कपडा सक्तीने आला, त्यांच्या घरात स्वकष्टाचे कोरे कापड अंगावर घालणे ही स्वाभिमानाची गोष्ट ठरली. आणि ज्यांच्या वाट्याला आला नाही, त्यांना तो आपल्यावर येण्याची धास्ती वाटत राहिली. हे सदर वाचणाऱ्यांमध्ये दोन्ही प्रकारच्या घरांतील माणसे असतील. म्हणून "इकडे सगळेच असे करतात" हे उत्तर सासूबाईंना पुरणार नाही. सून परदेशात पैशाच्या अडचणीत आहे आणि ती आपल्यापासून लपवते आहे, अशी शंकाही त्या एका वाक्यामागे असू शकते. तुम्ही त्यांना तसे विचारले आहे का? पत्रावरून तरी तसे दिसत नाही.

माझी सूचना अशी की, त्या परत जाण्याआधी त्यांना एकदा त्या दुकानात घेऊन जा. काउंटरवर त्यांच्याच वयाच्या बायका हौसेने काम करताना दिसतील, गाडीतून पिशव्या आणून देणारे आणि तेथूनच काही विकत घेऊन जाणारे अनेकदा एकच असल्याचे दिसेल. घेणारा खाली ही उतरंड तेथे नाही, हे सांगून पटण्यापेक्षा पाहून लवकर पटते. तरीही नाही पटले तर आग्रह धरू नये. दिवाळी-पाडव्याला, मुंजीला, पूजेला कोरेच वस्त्र घालावे, एवढे पाळणे तुम्हाला जड जाणार नाही आणि त्यांना ते बरे वाटेल. लपवण्याचा पर्याय मात्र मनातून काढून टाका. तो तुम्ही आधी वापरून पाहिलाच आहे, आणि मुलीने तो सहजपणे उघडा पाडला. शिवाय लहान मुलीला त्यातून असा धडा मिळतो की, आई जे करते त्यात काहीतरी लाजिरवाणे आहे.

पतींच्या कपाटाकडे वळू. तुमच्या पत्रात कोटाची मूळ किंमत तीनदा आली आहे. तो अंगाला कसा बसतो, हे एकदाही आलेले नाही. मूळ किमतीतून दिलेली किंमत वजा करून उरलेली रक्कम आपण "वाचवली" असे तुम्ही लिहिता. जी वस्तू पूर्ण किमतीला तुम्ही कधीच घेतली नसती, तिच्यावर काही वाचत नाही. 45 पौंड खर्च होतात, एवढेच. तो खर्च सार्थ आहे की नाही, हे तो कपडा हिवाळ्यात किती वेळा बाहेर पडतो यावर ठरते. मॅक्स माराने 1981 मध्ये बाजारात आणलेला दुहेरी बटणपट्टीचा, लोकर आणि काश्मिरी (कॅशमिअर) यांचा एक कोट ती कंपनी आजही जवळजवळ त्याच रूपात विकते. असा कपडा जुना झाला तरी जुनाट दिसत नाही, म्हणून तो घेण्यात शहाणपण आहे. पण दुकानात कपडे टांगलेल्या त्याच दांडीवर पाच वर्षांपूर्वीच्या फॅशनचा, त्याच तोलाच्या नावाचा, भलत्याच खांद्यांचा ड्रेस असेल, तर त्याच्या नावाला भुलण्याचे कारण नाही.

नावांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. एका कंपनीची अनेक नावे असतात आणि त्यांच्या किमती व दर्जा यांत मोठे अंतर असते. वीकएंड, मरेला आणि पेनीब्लॅक ही मॅक्स मारा समूहाचीच नावे आहेत, पण मुख्य नावाच्या खालच्या पायरीवरची. जॉर्जिओ अरमानी, एम्पोरिओ अरमानी आणि अरमानी एक्स्चेंज यांचीही तीच गोष्ट. येगर हे जुने इंग्रजी नाव मार्क्स अँड स्पेन्सरने 2021 च्या आरंभी विकत घेतले. त्याआधीच्या येगरच्या लोकरी वस्तू या दुकानांमध्ये अजून बऱ्यापैकी सापडतात आणि त्यांतील काही फार सुरेख असतात. हॅरिस ट्वीड या लोकरी कापडाच्या जाकिटाच्या आत गोल व त्यावर क्रूस असे चिन्ह असलेले लेबल पाहावे. स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या घरी हातमागावर विणलेल्या कापडालाच हे नाव लावता येते, असा 1993 चा कायदा आहे. असे जाकीट कोणत्याही डिझायनरच्या नावाशिवायही घ्यावे.

तरीही माझ्या मते लेबल सर्वांत शेवटी पाहावे. आधी दांडीवरून हात फिरवावा. चांगली लोकर, रेशीम, लिनन बोटांना कळते आणि चारआठ फेऱ्यांत हात तयार होतो. मग कपडा खाली उतरवून खिडकीपाशी न्यावा आणि उजेडासमोर धरावा, म्हणजे कसर लागल्याची टाचणीएवढी भोके दिसतात. काखेत, कॉलरच्या आतल्या घडीवर, बाहीच्या कडेला, पँट असेल तर दोन पायांच्या मधल्या शिवणीवर झीज आणि डाग पाहावेत. अस्तर काखेपाशी उसवलेले असले तर हरकत नाही, ते घरी शिवता येते; अस्तरच विरलेले असले तर सोडून द्यावे. कोटाच्या छातीवरचे कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून आतल्या थरापासून किंचित ओढून पाहावे. मध्ये सुटा तिसरा थर जाणवला तर आतले कॅनव्हास शिवून बसवलेले आहे, म्हणजे काम कसबी आहे. थर चिकटवलेले असतील आणि कापडावर फोड आल्यासारखे उंचवटे दिसत असतील, तर ड्रायक्लीनमध्ये आतला गोंद सुटलेला आहे. तो कोट कितीही भारी नावाचा असला तरी दुरुस्त होत नाही. चांगल्या कोटात आतल्या बाजूच्या शिवणीवर एक जादा बटण टाकून ठेवलेले असते. ते तेथे असले की बाहेरच्या बटणांची चिंता अर्धी मिटते.

मापाचा आकडा वाचून परत ठेवू नये आणि घेऊही नये. इटालियन 42, फ्रेंच 38 आणि जर्मन 36 ही ढोबळमानाने ब्रिटिश 10 चीच मापे आहेत, आणि त्याच आकड्याचे जुने ब्रिटिश कपडे आजच्यापेक्षा लहान निघतात. त्यामुळे घालूनच पाहावे. शिंप्याकडे काय होते आणि काय होत नाही, याचा अंदाज असावा. लांबी कमी करणे, कंबर आत घेणे सोपे. शिवणीत माया सोडलेली असेल तर थोडे सैलही करता येते. खांदे आणि मुंढा यांना हात लावायचा म्हणजे कोट जवळजवळ पुन्हा शिवायचा, आणि त्याची मजुरी कोटाच्या किमतीपेक्षा जास्त होते. खांदा बसत नसेल तर तो कोट आपला नव्हे. ही दुकाने कपड्यांना वाफ देतात, धुऊन मात्र बहुधा देत नाहीत. म्हणून घरी आणल्यावर काश्मिरी-लोकरीचे स्वेटर घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवावेत आणि मग गार पाण्यात हाताने धुवावेत. कसरीची अंडी एकदा कपाटात शिरली की सासूबाईंनी दिलेल्या रेशमी साड्याही त्यांना चालतात.

कोठे जावे, असे बरेच वाचक विचारतात. दान आसपासच्या घरांमधून येते, म्हणून श्रीमंत वस्तीत माल चांगला, हा हिशेब खरा आहे : तुमच्याकडे विल्म्स्लो, ऑल्डर्ली एज, नट्सफर्ड, यॉर्कशरमध्ये हॅरोगेट, लंडनमध्ये मॅरिलबोन, हॅम्पस्टेड आणि चेल्सी, जेथील ब्रिटिश रेड क्रॉसचे दुकान डिझायनर कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण ही गोष्ट दुकानांनाही ठाऊक आहे. तेथे प्रसिद्ध नावाचा कपडा वेगळ्या दांडीवर, वेगळ्या दराने लागतो, आणि मोठ्या संस्था उत्तम माल थेट आपल्या ऑनलाइन विक्रीसाठी काढून घेतात. त्यामुळे खरी स्वस्ताई छोट्या हॉस्पिसच्या, आडबाजूच्या दुकानात आणि सर्वांना तोंडपाठ नसलेल्या नावांमध्ये मिळते. पर्सच्या बाबतीत मात्र जपून. नकली माल दानातही येतो आणि स्वयंसेवकाला तो ओळखता येईलच असे नाही. 2015 चा ग्राहक हक्क कायदा जुन्या वस्तूंनाही लागू आहे. पावती जपून ठेवली असेल आणि "अस्सल" म्हणून विकलेली वस्तू तशी नसेल, तर पैसे परत मागता येतात. नुसते मन बदलले म्हणून परत घेण्याचे बंधन दुकानावर नसते.

तुमच्यासाठी मी एकच नियम सुचवेन, आणि तो पतींच्या समोर करावा. काय हवे आहे याची छोटी यादी फोनमध्ये असावी आणि यादीबाहेरचे काहीही त्याच दिवशी घेऊ नये. दुसऱ्या दिवशी गेलो तर वस्तू गेलेली असेल, ही भीतीच आपल्याला कपाट भरायला लावते. गेली तर गेली. शिवाय हिवाळा संपताना, त्या हिवाळ्यात अंगावर न आलेला कपडा धुऊन, गिफ्ट एडच्या अर्जावर सही करून परत दुकानात द्यावा. फाटके-विटके मात्र "गरिबांना चालेल" म्हणून देऊ नये. जे विकले जात नाही ते वजनावर व्यापाऱ्यांकडे जाते. त्यातले काही घानाच्या आक्रा शहरातील कंटामांटो बाजारात पोहोचते आणि तेथेही न खपलेल्याचा कचरा तेथील लोकांना उचलावा लागतो. काही लोकरी कपडे आपल्या पानिपतला येतात, तेथे त्यांच्या चिंध्या करून पुन्हा धागा काढतात आणि त्यांची स्वस्त ब्लँकेटे होतात.

राहिली नणंद. आहेर म्हणून किंवा भाऊबीजेला या दुकानातील काहीही देऊ नका. ओटीत आणि आहेरात कोरे वस्त्र द्यायचे, ही सगळ्यांना ठाऊक असलेली रीत आहे. ती मोडली तर तुमच्या हौसेचा अर्थ कंजूषपणा असा लावला जाईल, आणि तो दोष नणंदेला देता येणार नाही. पुण्याच्या डिसेंबरात लोकरी कोटाचे ती करणार तरी काय, हाही प्रश्न आहेच. पण तिला अशा गोष्टींची आवड असेल, तर आधी फोनवर "येथे जुन्या वस्तूंच्या दुकानात रेशमी स्कार्फ फार सुंदर मिळतात, तुला चालेल का?" असे सरळ विचारा आणि ती हो म्हणाली तर एखादा स्कार्फ आहेराव्यतिरिक्त पाठवा. स्कार्फ घेताना त्याच्या कडा पाहा. हाताने वळलेली कड किंचित फुगीर असते, तिच्यावरचे टाके अगदी एकसारखे नसतात आणि इस्त्रीने ती चपटी केलेली नसते. यंत्राची टीप सपाट आणि सरळ जाते. एर्मेस या फ्रेंच कंपनीच्या 90 सेंटिमीटरच्या चौकोनी स्कार्फची नक्कल फार होते. त्याची कड हाताने, आणि तीही उजव्या बाजूकडे वळलेली असते. तशी नसेल तर नाव काहीही छापलेले असो, त्याचे पाच पौंडांपेक्षा जास्त देऊ नयेत. धुऊन पाठवा, आणि सोबत दुकानाचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवायला विसरू नका.